काचबंगल्याची चौकशी

आर्वी
२ जुलै २०२५

चि. बंडूस,

मंदाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. हातात फोन असताना ताई पत्र काऊन लिहून राह्यली, असं तुले वाटेल. मागच्या आठवड्यात मी तीनदा फोन केला. खुशीच्या कालेजचा विषय काढला का तुह्या फोनात वारं शिरते, अन् ताई आवाज तुटून राह्यला म्हणून तू फोन ठेवून देतं. आवाज तुटत नाई बंडू, तू तोडतं. पत्र काही असं तोडता येत नाई. फाडून फेकशील तर फेक, निदान माह्या भावात तेवढी हिंमत आहे म्हणून मले बरं वाटेल.

इकडे सर्व ठीक. तुहे भाऊजी रिटायर झाले तरी सकाळी डेपोत जाऊन बसतात अन् कोणती गाडी उशिरा सुटली याचा घोर घेऊन घरी येतात. पिंकी सासरी खुशाल आहे. सोयाबीन उगवलं, पण तणही त्याच्याच उंचीचं आहे.

आता मुद्द्याचं. छायानं सांगतलं का खुशीचे मार्क चांगले आले अन् तिले कम्प्युटरचं इंजिनिअरिंग दोन जागी मिळून राह्यलं. एक वर्ध्याचं कालेज, तुह्या सेलूपासून बसनं अर्ध्या-पाऊण तासावर. दुसरं नागपूरच्या बाहेर, ते काचेचं, वर्ध्याच्या तिप्पट खर्चाचं. अन् माहा शहाणा भाऊ म्हणते काचेचंच पाहिजे. त्याच्यासाठी रोडवरचं वावर चार वर्षं मक्त्यानं देणार, अन् देणार कोणाले, तर बाजूच्या वावरातल्या नत्थूजीले! ज्या नत्थूजीचा सचिन त्याच कालेजात आहे म्हणून तुह्या पोटात दुखून राह्यलं, त्याच्याच हातात वावर द्यायचं. मी दोनदा वाचलं असतं तरी खरं वाटलं नसतं, हे तर कानानं ऐकलं.

मागं भेंडीचं बी घ्यायचं होतं तेव्हा तू काय केलं ते आठव. पाकिटावरचा फोटो कोणीही छापते म्हणाला, अन् दोन गावं पालथी घालून लोकाच्या वावरात उभं पीक पाहून आला. तिथंही झाडाखाली वाकून पानं उलटी करून पाह्यली. भेंडीसाठी एवढं. अन् पोरीचे चार वर्षं तू पाकिटावरचा फोटो पाहून देऊन राह्यला. तिथं कोणतं उभं पीक पाह्यलं ते मले सविस्तर कळवजो.

लोभ आहेच, तो वाढवायची काही घाई नाई. अक्कल वाढली तर मात्र लगेच कळव. छायाले आशीर्वाद, खुशी-नीरजच्या डोक्यावरून हात.

तुही
मंदाताई


सेलू
८ जुलै २०२५

तीर्थरूप ताईच्या पायावर बंडूचं डोकं.

वि. वि. पत्र पोचलं. पोस्टमननं ते बाजारात सगळ्यायच्या देखत देल्लं, अन् कोर्टाचं आहे का म्हणून चार जणांनी विचारलं. मी म्हणालो कोर्टाचं असतं तर बरं झालं असतं, तिथं वकील तरी करता येते.

ताई, तू न पाहता बोलून राह्यली. मी, छाया अन् खुशी, तिघंही रविवारी जाऊन आलो. गेटवर पोचल्याबरोबर आम्हाले बॅटरीच्या गाडीत बसवलं. थंडगार बदाम दूध देल्लं. टाय लावलेला एक पोरगा आमच्यासंग फिरला, मले सर म्हणे. मले, ताई! अडत्या मले साठ वर्षांत सर म्हणणार नाई. निघताना कालेजची टोपी देल्ली. सगळीकडे काच, लिफ्ट, कारंजं. लायब्ररी तर अशी का बोलायची हिंमत होत नाई. अन् वर्ध्याचं कालेज पाह्यलं तर जिन्यात खर्रा थुंकलेला, बाकं मोडलेली, चपराशी झोपलेला. त्याले उठवून ऑफिस विचारलं तर त्यानं डोळे न उघडता बोट दाखवलं. अशा ठिकाणी पोरगी टाकू?

होस्टेलही दाखवलं. मी दारातच थांबलो, मायलेकी आत गेल्या. एक पोट्टी दिवसाढवळ्या गोधडी डोक्यावर घेऊन झोपली होती म्हणे. खुशी तिथंच खिळल्यासारखी उभी. छायानं हात धरून ओढून आणलं, का बाई असं झोपलेल्या माणसाकडे पाहू नये. बाहेर येऊन खुशीनं मले सांगतलं का बाबा, हेच कालेज. पोरीलेच आवडलं तर मी कोण नाई म्हणणार? अन् नत्थूजीचा यात काही संबंध नाई. तो रोज कालेजच्या टोपीत वावरात येते, मी पाहतही नाई तिकडे. माही टोपी त्याच्यापेक्षा नवी आहे.

वावराचं म्हणशील तर चार वर्षांनी परत येतेच. अन् सध्या वांग्यानं हात देल्ला आहे. चांगला माल वर्ध्याले जाते, अन् किडका जो आधी उकिरड्यावर जाय, तो आता मोतीलाल नावाचा एक ठेकेदार संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पो घेऊन येते अन् सगळा उचलून नेते. नागपूरकडे कुठल्या तरी मेसले लागते म्हणे. अळी असली तरी चालते त्याले, फक्त भाव पाडून मागते. मी मनात म्हणतो, खाणारे धन्य आहेत. एकच त्रास, कॅरेट परत आणत नाई. माहे चार कॅरेट त्यानं दाबून ठेवले.

तुले एवढाच भरवसा नसेल तर स्वतः जाऊन चौकशी कर. सोयरिकीच्या चौकशीत तुहा हात कोण धरणार! पिंकीच्या वेळेस तू नवरदेवाच्या गावची विहीर पाह्यली, गोठा पाह्यला, शेजारणीच्या तोंडून सात पिढ्या काढल्या. फक्त एवढंच कळलं नाई का जावई वांगं खात नाई. वांग्याच्या घरात असा जावई आणला, तरी आम्ही काही बोललो का?

भाऊजींना नमस्कार. राग असला तरी जीव लावणं सोडजो नको.

तुहा
बंडू


आर्वी
१७ जुलै २०२५

चि. बंडूस आशीर्वाद. वि. वि.

तू जा म्हणाला, मी गेली. बायायले एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढ्यात तुह्या काचबंगल्याची अब्रू पाहून झाली. तुहे भाऊजी संग येतो म्हणत होते. मी म्हणाली तुम्ही ड्रायव्हरशी गप्पा मारत बसाल, घरीच राहा.

चौकशी कशी करायची असते ते तुले या जन्मात कळलं नाई, म्हणून सांगते. सोयरिकीले गेलं का दिवाणखान्यात बसायचं नसते, तो तर त्यायनं आपल्यासाठीच झाडलेला असते. न्हाणी पाहायची, चूल पाहायची, शेजारीण गाठायची. अन् सांगून तर कधीच जायचं नाई. तुले बॅटरीच्या गाडीत बसवलं म्हणून तू फुगला. अरे बह्याडा, गाडीत बसवलं म्हणजे तुले पायी फिरू देल्लं नाई. जिथं त्यायले पाहिजे तिथंच ती थांबली असेल.

मी आधी समोरच्या चहाच्या टपरीवर बसली. कालेजच्या वेळात पोट्टे टपरीवर एवढे का मले वाटलं कालेज इथंच भरते. त्यात तुहा सचिन सापडला. मले पाहून त्याचा चहा सांडला. आधी आत्याबाई, आत्याबाई करत होता, मग दोन समोसे खाऊ घातले तर मोकळा झाला. त्यानं सांगतलं का त्या लायब्ररीच्या कपाटाले कुलूप असते, पाहुणे आले का लाइट लागते. मास्तर दर सहा महिन्यांनी बदलतात. त्याले गणित शिकवणारे सर बुधवार-शुक्रवार येतात, बाकी दिवस ते वर्ध्याच्या कालेजात शिकवतात. हो बंडू, त्याच वर्ध्याच्या, जिथं चपराशी झोपते. पेपर दोन्हीकडे एकाच विद्यापीठाचा. मी सचिनले विचारलं का बापाले हे काऊन नाई सांगतलं. तो म्हणाला बाबा टोपी घालून एवढे खुश आहेत का हिंमत होत नाई.

मग मी मागच्या दारानं गेली. तिथं भाजी उतरते. चौकीदारानं मले भांडेवाली समजलं अन् आज उशीर काऊन केला म्हणून वरून दोन शब्द सुनावले. मी पदर खोचून सरळ मेसच्या स्वयंपाकघरात शिरली. काय सांगू बाप्पा! वरणात दाणा शोधावा लागत होता. कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, अन् ड्रमखाली टेकण म्हणून चार कॅरेट. त्यावर लाल रंगात हे मोठं "बं", अन् वरचा अनुस्वार छायाच्या कुंकवाएवढा.

कॅरेट बाजारात बदलू नाई म्हणून तो रंग मीच तुले आणून देल्लता, आठवते? बाजूच्या टोपल्यात वांगी होती. एक उचलून मोडलं. अळी माह्याकडे पाहून राह्यली अन् मी अळीकडे. स्वयंपाक्याले विचारलं हा माल कुठला. तो म्हणाला मोतीलाल आणते, सेलूकडे कोणी एक शेतकरी आहे, जे उकिरड्यावर फेकायचं ते मोतीलालच्या गळ्यात मारते. अन् हसला. मीही हसली. दुसरं काय करणार होती, तो शेतकरी माहा भाऊ आहे असं सांगणार होती का?

तर हिशेब असा झाला. रोडवरचं वावर नत्थूजीले द्यायचं, तिप्पट खर्च करायचा, अन् आपलंच किडकं वांगं आपल्याच पोरीले चार वर्षं खाऊ घालायचं. बाजारात तू कॅरेटच्या वरच्या थरात निवडक वांगी लावतं अन् खाली मध्यम माल भरतं. अडत्या तरी हात घालून खालचा काढून पाहते. तुले बदाम दूध पाजलं तर तू हातही घातला नाई. माणूस स्वतः जे रोज करते त्यातच कसा फसते, हे मले आर्वीपर्यंत कळलं नाई.

माहं मत एकच. काचबंगला नाई. वर्ध्यालेच घाल. अन् एक, ते मोतीलालचं बंद कर. ज्याच्या ताटात ते पडते तीही कोणाची तरी लेकरंच आहेत. तू त्यायले धन्य म्हणतं, मले तर तुही लाज वाटली.

माया कमी झाली नाई, पण आज ती उफाळूनही आली नाई. एवढ्यात समजून घेजो.

मंदाताई


सेलू
२२ जुलै २०२५

ती. ताईस बंडूचा नमस्कार. वि. वि.

पत्र मी कोणाले वाचून दाखवणार नव्हतो. छायानं काढून मोठ्यानं वाचलं. वांग्याच्या ठिकाणी ती एवढी हसली का शेजारचे पाहायले आले. नीरज आता मले अळीबाबा म्हणते. समाधान झालं ना तुहं?

मी आधी म्हणणार होतो का "बं" कोणाचंही असू शकते. बळवंतचं असते, बंशीचं असते. पण तो अनुस्वार छायानंच काढला आहे, त्याले इलाज नाई. मोतीलालले मी नाई म्हणून सांगतलं. तो माह्याकडे असा पाहून राह्यला जसा मीच वेडा झालो. टोपी पेटीत टाकली. नत्थूजीनं विचारलं तर उन्हानं रंग उडाला म्हणून सांगतलं.

तर ठरलं. खुशी वर्ध्याले. अन् खरं सांगू ताई, विचार केला तर हेच सगळ्यायच्या सोयीचं आहे. रोडवरचं वावर हातात राहते. पोरगी घरीच राहते. पहाटे नेहमीसारखा वांग्याचा तोडा करेल, आंघोळ करून आठच्या बसनं कालेजात जाईल, संध्याकाळी परत. तिच्याएवढा साफ तोडा या घरात कोणी करत नाई, मजूर लावला तर देठ मोडून ठेवते. होस्टेलले गेली असती तर माहा उजवा हातच गेला असता. तुह्या चौकशीनं तो वाचला, तुहे उपकार.

फक्त खुशीचं तोंड तीन दिवसांपासून फुगलेलं आहे. जेवते तर अर्धं, बोलते तर तेही नाई. काचेची हौस, दुसरं काय. आजकालच्या पोरींचे लाड कोण पुरवणार. दोन महिन्यांत विसरेल.

आमच्यावरची नजर अशीच असू दे, थोडी कमी तिखट असली तरी चालेल.

बंडू


सेलू
२४ जुलै २०२५

ती. आत्याले खुशीचा नमस्कार.

वि. वि. बाबाचं पत्र तुले पोचलं असेल. त्यात त्याईनं लिहिलं का सगळ्यायच्या सोयीचं झालं. मी ते वाचलं, कारण पोस्टात टाकायले मलेच देल्लं होतं, अन् पाकीट डिंकानं नीट चिकटलं नव्हतं. माफ कर. नाही केलं तरी चालेल, मले वाचायचंच होतं.

आत्या, तुही चौकशी सगळी खरी आहे. सचिनदादानं मले दिवाळीतच हे सांगतलं होतं, मास्तरांचं अन् कुलपाचं. त्या टायवाल्या पोराले मी लायब्ररीत आत जाऊ का विचारलं तर तो मले कारंज्याकडे घेऊन गेला. एवढं न समजायले मी काही बाबा नाही. मले ठाऊक होतं का ते कालेज फसवं आहे. तरी मी हो म्हटलं.

का म्हटलं ते कोणी विचारलं नाही. बाबांनी नाही, आईनं नाही, अन् तूही नाही. तू सचिनदादाले विचारलं, स्वयंपाक्याले विचारलं, वांग्याले विचारलं. मले तेवढं सोडलं.

म्हणून आता सांगते. आठवीपासून मी पहाटे चारले उठते. डोक्याले टॉर्च बांधून वांग्याच्या ओळीत वाकते. वांग्याच्या देठाले बारीक काटे असतात, ते नखाजवळ शिरतात अन् दिसत नाहीत. सीईटीच्या दिवशीही तोडा होता. परीक्षेत माउस धरला तर बोटात काटा ठणकून राह्यला होता, अन् मी तशीच बटण दाबत होती. त्यातून हे मार्क आले. बाबा सगळीकडे सांगतात का पोरगी हुशार आहे. पूर्ण झोप घेऊन पेपर देल्ला असता तर मी किती हुशार आहे, हे मलेही ठाऊक नाही.

नीरज सातपर्यंत झोपते. आई म्हणते त्याची झोपमोड झाली तर उंची खुंटेल. माही उंची बहुतेक वांग्यात वाढते.

त्या होस्टेलमध्ये रविवारी सकाळचे अकरा वाजले होते. एक मुलगी डोक्यावरून गोधडी घेऊन झोपली होती. तिच्या मैत्रिणीनं मोहिनी म्हणून हाक मारली, तर तिनं कूस बदलली अन् परत झोपली. कोणी ओरडलं नाही. कोणी पाणी मारलं नाही. मी तिथंच उभी राहिली. बाबाले वाटलं मले काच आवडली. मले ती गोधडी आवडली होती आत्या. तिच्यासाठी मी किडकं वांगंही खाल्लं असतं.

आता वर्ध्याले जायचं म्हणजे तोडा, मग बस, मग कालेज, मग बस, मग स्वयंपाक. चार वर्षं. मी रडत नाही. मले फक्त राग येते अन् तो कुठं ठेवायचा ते समजत नाही, म्हणून तुह्याकडे पाठवते.

तुह्या मायेत मी आहे हे ठाऊक आहे. पुढच्या चौकशीच्या वेळेस मलेही एक प्रश्न विचार, एवढंच मागते.

तुही
खुशी


आर्वी
२८ जुलै २०२५

बंडू,

आशीर्वाद मागून देईन, आधी ऐक.

तुहं पत्र अन् खुशीचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. तुहं आधी वाचलं अन् मी मोठी खुश झाली, का पाहा कसा भावाले ठिकाणावर आणला. मग तिचं वाचलं. तेव्हापासून मी स्वतःच्या तोंडाकडे आरशात पाह्यलं नाई. मी मोठी चौकशीवाली! न्हाणी पाह्यली, चूल पाह्यली, अन् ज्या पोरीची सोयरीक त्या कालेजाशी जुळवून राह्यलो तिलेच विचारायचं राहून गेलं. पिंकीच्या वेळेस वांग्याचं राह्यलं होतं, या वेळेस पोरीचं.

पण माहं मी पाहून घेईन. तुह्यावर येते.

तुले लाज नाई वाटत लिहायले, का उजवा हात गेला असता? कालेज महाग आहे म्हणून तू महिनाभर डोकं धरून बसला. अरे, पोरगी तुले इतके वर्षं फुकट पडून राह्यली होती, त्याचं काय? तिच्या जागी बाई लावली असती तर तिले मजुरी द्यावी लागली असती, चहा पाजावा लागला असता, अन् ती पोळ्याले सुट्टी मागून घरी गेली असती. खुशीनं काहीच मागतलं नाई म्हणून तुले वाटलं का तिले काही लागत नाई. अन् मार्क आले का टोपी घालून गावभर मिरवायले तू पुढं.

आता मी सांगते तसं होईल.

प्रवेश वर्ध्यालेच. त्या गणिताच्या सरांना शुक्रवारी नागपूरले जायचा त्रास असेल तर असो, आपली पोरगी त्यायले वर्ध्यातच ऐकेल. पण खुशी घरून जाणं-येणं करणार नाई. कालेजजवळ मुलींचं होस्टेल आहे, मी काल जाऊन पाह्यलं. या वेळेस आधी तिले फोन करून विचारलं, काय काय पाहू म्हणून. ती म्हणाली खोलीले आतून कडी आहे का ते पाहा. आहे. मेसची भाजी मी मोडून पाह्यली, अळी नव्हती.

तोड्याले ती निंदणाले येते त्या रुख्मिणीले लाव. ती देठ मोडते म्हणशील तर तिले शिकव, जसं आठवीतल्या लेकराले शिकवलं. होस्टेल अन् रुख्मिणीची मजुरी मिळून जे होईल ते काचबंगल्यापेक्षा कितीतरी कमी आहे, अन् वावर तुह्याच हातात राहते. एवढा खर्च करायची तुही तयारी होतीच. फक्त काचेवर करणार होता, आता पोरीवर कर.

सुट्टीत ती घरी आली तर पहाटे कोणी तिले हाक मारायची नाई. मारली असं कळलं तर मी आर्वीवरून पहिल्या गाडीनं येईन अन् चारले नीरजले उठवीन, मग त्याची उंची खुंटो नाई तर काही होवो. तुहे भाऊजी म्हणतात पहिली गाडी वेळेवर सुटते, त्यायनं खात्री केली आहे.

छायाले म्हणाव, पोरीसंग एक गोधडी दे. जाड दे.

आता घे आशीर्वाद. हक्काचा आहे म्हणून देते, लायकीवर मागशील तर थांबावं लागेल.

मंदाताई


सेलू
१९ ऑगस्ट २०२५

ती. ताईच्या पायाशी बंडू.

वि. वि. तू सांगतलं तसं केलं. परवा खुशीले होस्टेलमध्ये पोचवून आलो. कडी मी स्वतः लावून पाह्यली, आत अडकून बसलो, तिनं बाहेरून हसत हसत सांगतलं कशी काढायची.

काल रुख्मिणीच्या पोराले ताप होता, ती आली नाई. छायाची कंबर धरलेली. नीरजले उठवलं तर तो रडायले लागला, म्हणून मीच टॉर्च बांधून ओळीत शिरलो. खुशी कॅरेट भरून बांधावर ठेवे अन् मी ते उचलून गाडीत टाको, एवढंच माहं काम होतं इतके दिवस. ताई, त्या देठाले खरंच काटे असतात. मले वाटे ती उगाच हात झटकते. हे पत्र लिहिताना अंगठा दुखून राह्यला, म्हणून अक्षर असं आलं. किती वर्षं झाली अन् तिनं एकदाही सांगतलं नाई. सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं.

मोतीलालनं कॅरेट आणून अंगणात टाकले अन् शिव्या देऊन गेला. एकाले वरण वाळून चिकटलेलं होतं. किडकी वांगी आता शेळ्या खातात.

नत्थूजी विचारत होता पोरगी कुठं घातली. वर्ध्याले म्हणालो. त्यानं टोपी नीट केली अन् माही कीव केली. मी काहीच बोललो नाई. तू मले मूर्ख म्हणतं पण तेवढं मले जमलं.

तुहं बोलणं मागच्यापेक्षा थोडं कमी लागते आता. म्हणून म्हणतो, लिहीत राहजो.

बंडू


वर्धा
२१ ऑगस्ट २०२५

ती. आत्याले नमस्कार.

वि. वि. मी इथं ठीक आहे. जिन्यात खर्रा आहे, बाकं मोडकी आहेत, चपराशी झोपते. गणिताचे सर खरंच चांगले शिकवतात. काल बुधवारी मात्र ते नागपूरले गेले, तेव्हा आम्ही त्यांच्या नावानं चहा प्यालो.

मेसमध्ये काल वांग्याची भाजी होती. सगळ्या मुली माह्याकडे पाहत राहिल्या, कारण मी प्रत्येक फोड मोडून पाह्यल्याशिवाय खाल्ली नाही. चांगली होती.

बाबांचा फोन आला होता. म्हणाले, पहाटे उठून शांत अभ्यास करत असशील ना, आता कोणाचा त्रास नाही. मी हो म्हटलं. तुले खरं सांगते. पहिल्या दिवशी पहाटे चारले आपोआप जाग आली. अंधारात उशाशी टॉर्च शोधत होती, सापडेना, एकदम भीती वाटली का तोड्याले उशीर झाला. मग खोली दिसली, कडी दिसली. तोडा नाही हे आठवलं. पुस्तक समोरच होतं. ते उघडलं नाही. आईची जाड गोधडी डोक्यावरून घेतली अन् झोपली, आठपर्यंत. नीरजच्याही वर एक तास.

काल तेच केलं, आजही. कालेज साडेनऊचं आहे. उद्यापासून अभ्यास करीन, नाही तर परवापासून.

बाबाले सांगू नको. अन् तुही माया पाठवशील ती दुपारच्या टपालानं पाठव, सकाळी मी उठलेली नसते.

तुही
खुशी